अप, डाउन आणि पाटलीणबाई

गच्चीवरचा कूलर खाली उतरला की मला न्यूट आठवतात. लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. माझं आपलं वेगळंच. मार्च संपत येतो, पोरांच्या परीक्षा आटोपत येतात, रायपूरभर कूलरच्या पाठीवर नव्या वाळ्याच्या ताट्या चढतात. पहिल्यांदा मोटर सुरू केली की ओल्या वाळ्याचा वास घरभर भरतो, आणि मी हातातलं काम टाकून हॉलच्या त्या कोपऱ्याकडे बघत बसते. आमच्याकडे आता एसी आहे. तरी मी कूलर विकू देत नाही. मुलगी म्हणते, "मम्मी, इस डब्बे को निकालो ना अब!" मी म्हणते, "डब्बा असंल तुझ्यासाठी." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. रायपूरची पोट्टी आहे, काय करता!

न्यूट म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच डोकं खाजवत बसाल. बेडकाच्या नात्यातला प्राणी, पण अंगानं पालीसारखा: चार पाय, लांब शेपटी, पाण्यात सुखानं राहणारा. पाठ साधी, काळपट. पण काचेला चिकटून वर चढला की पोट दिसतं, आणि पोट काय सांगू! गणपतीला लावतो तसं शेंदरी, आणि त्यावर काळे ठिपके. यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला मी असा एक न्यूट पाहिला होता, बरणीतल्या औषधात बुडालेला, रंग उडून पांढराफटक झालेला. परीक्षेत त्याची आकृती काढली होती. जिवंत न्यूट जन्मात दिसेल असं वाटलं नव्हतं, आणि सासरी दिसेल असं तर अजिबातच नाही.

लग्न होऊन शंकर नगरातल्या या घरात आले तेव्हा छत्तीसगड हे नवं राज्य होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. शहराला बाप्पा, काय घाई झाली होती! आज इथं खोदलेलं, उद्या तिथं. रोज नवी पाटी, रोज नवा चौक, लाल दिव्याच्या गाड्या बघायला लोक पानठेल्यावर थांबायचे. आमचे हे मंत्रालयात कारकून. मंत्रालय म्हणजे जुन्या हॉस्पिटलची इमारत. यांच्या टेबलामागच्या भिंतीवर अजून 'कृपया शांत रहें' लिहिलेलं होतं, आणि शांतता सोडून तिथे बाकी सगळं होतं. सकाळी गेलेला माणूस दिवे लागल्यावर यायचा. दिवसभर घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसलेला माणूस. रिटायर झाल्यावरही घरात तसेच बसायचे. बोलणं म्हणजे हं, नाही, आणि चहा झाला का.

तर लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हॉल झाडता झाडता मी कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीजवळ वाकले आणि झाडू हातातून पडला.

"हे न्यूट आहेत? मामाजी, हे न्यूट आहेत का हो?" मी ओरडलेच. नवी सून सासऱ्यासमोर ओरडली, म्हणून सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

मामाजी खुर्चीतून उठले. "तुले कसं माहीत?"

"बरणीत पाहिला होता. मेलेला."

"हे जिते आहेत," मामाजी म्हणाले, आणि मी त्या घरात आल्यापासून ते पहिल्यांदा हसले. "मोठी हे अप. लहान ह्यो डाउन. रेल्वेवाल्याच्या घरी दुसरं नाव काय राहीन?"

अप मादी, अंगानं भरलेली. डाउन नर, सडपातळ, शेपटीवर निळसर झाक. मामाजींचा एक दोस्त अजून हावड्याच्या गाडीवर होता, त्यानं तिकडच्या बाजारातून बरणीत घालून आणलेले. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "घरात पाली काय कमी होत्या, का ह्या कलकत्त्याहून आणून राहिले! अन् आता सूनही तशीच भेटली. घ्या!"

मग हळूहळू मला खरी गोष्ट कळली. ही मामाजींची दुसरी जोडी. पहिली जोडी आदल्या वर्षी मे महिन्यात गेली. न्यूट थंड पाण्याचा जीव. आणि आमचं रायपूर मेमध्ये कसं तापतं ते इथल्या कावळ्यालाही विचारा. पाणी कोमट झालं, दोघं आधी जेवेनासे झाले, मग एका दुपारी तरंगले. मामाजी दोन दिवस ताटावर बसले नाहीत. सासूबाईंनी मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दात सांगते: "मले म्हणे, एक डाव अजून पाहातो. यंदाचा उन्हाळा जगले तर ठीक. यंदाही मेले तर टाकी उचलून देऊन टाकीन, मुक्या जीवाले इथं आणून मारणं पाप आहे. मी म्हटलं, देऊन टाका, पण मंग दिवसभर कराल काय तुम्ही? तर टाकीच पुसत बसले."

एवढंच होतं पणाला. म्हटलं तर दोन बोटभर प्राणी. पण त्या टाकीशिवाय मामाजींचा दिवस कसा दिसेल, ते मला आणि सासूबाईंना दोघींनाही दिसत होतं.

आता झिंग्यांचं ऐका. न्यूटला जिवंत खाऊ लागतो. पावसाळ्यात गांडुळं ढिगानं मिळतात, थंडीपर्यंत मोरीजवळच्या ओलीत सापडतात, पण उन्हाळ्यात माती तव्यासारखी तापली की गांडुळं कुठली? म्हणून मामाजींनी युक्ती काढली, की टाकीत तलावातले झिंगे सोडायचे. आम्ही दोघं तेलीबांध्याला गेलो. आज तिथे तलावाभोवती दिव्यांच्या माळा, कारंजी, आइस्क्रीम, सेल्फीवाले. तेव्हा काठावर चिखल, म्हशी आणि जाळी वाळत घातलेली. जाळेवाल्या बाईला मामाजींनी जिवंत चिंगरी मागितली. इकडे झिंग्यांना चिंगरीच म्हणतात. ती हसायलाच लागली, "जीयत चिंगरी ला का करबे बबा? रांधबे नइ?" शेवटी तिनं आमच्या डब्यात तलावाच्या पाण्यासकट ओंजळभर टाकले. अंगातून पलीकडचं दिसावं असे पारदर्शक, मिशा लांबलचक, डोळे मोहरीएवढे. रिक्षात डबा मांडीवर घेऊन मी आत बघत होते आणि घर येईपर्यंत माझं मन फिरलं होतं.

"मामाजी, हे खाऊ घालायचे?"

"डबा आहे तो अप-डाउनचा."

"मी नाही खाऊ देणार."

"तू? अन् कशी थांबवशीन?"

झालं! घरात दोन पार्ट्या पडल्या. सासरा न्यूटकडून, सून झिंग्यांकडून. मी मागच्या अंगणातली छपराची फुटकी कवेलू धुऊन आणली, एकावर एक रचून झिंग्यांना वाडेच्या वाडे बांधून दिले. फटी एवढ्याशा, की झिंगा सरसर आत जाईल पण अपचं डोकं अडकेल. वर शेवाळाचा गुच्छ सोडला. मामाजी म्हणाले, "हे चीटिंग आहे." मी म्हटलं, "हे घरकुल आहे." सासूबाईंची तिसरीच पार्टी, त्या येता-जाता म्हणायच्या, "मले सांगा, चटणी कवा करायची?"

आणि मग सुरू झाला तमाशा! टीव्हीवर काय लागलंय याची शुद्ध नसायची आम्हाला. न्यूटची नजर अधू आणि स्वभाव सरकारी. डाउन झिंग्याचा वास घेत घेत येणार, समोर उभा राहणार, विचार करणार, अजून विचार करणार, मग एकदम तोंड मारणार, आणि तोवर झिंगा शेपटी झटकून मागच्या मागे टाकीच्या त्या टोकाला! डाउनच्या तोंडात वाळू. मी टाळ्या पिटायची. कधी एखादा सुस्त झिंगा सापडायचा, तेव्हा मामाजी मांडी थोपटायचे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आमच्या झिंग्यांनी ते नुसतं केलं नाही, वरून खोड्याही काढल्या. त्यांच्यात एक मोठी मादी होती, हिरवट अंगाची, तोऱ्यात चालणारी. तिचं नाव मी पाटलीणबाई ठेवलं. एकदा मामाजींनी चिमट्यानं अपला गांडूळ दिलं. अपनं अर्धं तोंडात घेतलं, आणि बाईसाहेब कवेलातून निघाल्या, अपच्या डोक्यावर चढल्या, आणि बाहेर लोंबणारं अर्धं गांडूळ धरून ओढायला लागल्या! अप गिळतेय, पाटलीण ओढतेय. शेवटी तुकडा घेऊन पाटलीण पळाली आणि अप तशीच उघड्या तोंडानं. मामाजी इतके हसले की ठसका लागला. सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्नातही हसले नव्हते हे असे." हे ऑफिसातून आले की आधी विचारायचे, "आज कोण जिंकलं?" नव्या राज्यात कुणाची बदली झाली, कुणाला कुठली खोली मिळाली, हे सगळं नंतर.

मला तेव्हा माहेरची आठवण यायला हवी होती. येत होती, नाही असं नाही. गल्लीत माझी कुणाशी ओळख नव्हती. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की पायाला काळी भुकटी लागायची. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वाऱ्यानं येते ती, अजून येते. पाय काळे करून खाली यायचं, धुवायचे, आणि त्या अनोळखी शहराचा राग राग करत टाकीसमोर बसायचं, की राग कुठल्या कुठे. कुणाला माणसं रमवतात, मला त्या शहरात आधी झिंग्यांनी रमवलं. हसू नका, खरं तेच सांगतेय.

एप्रिल लागला आणि मामाजी कामाला लागले. गार्डाच्या डब्यात खिडकीबाहेर टांगायची कॅनव्हासची छागल त्यांनी जपून ठेवली होती. पाणी भरून वाऱ्यावर टांगली की आतलं पाणी गार होतं. "गाडी इटारसीच्या उन्हात उभी राहे, पण छागलीतलं पाणी दाताले लागे," ते सांगायचे. त्यांनी छागल उसवून तिचा कॅनव्हास टाकीच्या तीन बाजूंनी गुंडाळला, रोज ओला करायचा, आणि कूलर असा वळवला की अर्धा वारा माणसांना आणि अर्धा टाकीला. पाण्यात बोट घातलं की गार! मी उड्या मारत सगळ्यांना बोट घालायला लावलं. फक्त एक झालं. वाऱ्यानं पाणी भराभर उडायला लागलं. दर दोन-चार दिवसांनी टाकी चार बोटं रिकामी दिसायची, आणि मामाजी शिळं करून ठेवलेलं पाणी बादलीनं भरायचे. आणि त्याच दिवसांत पाटलीणबाईच्या पोटाखाली हिरवट मण्यांचा घोस दिसला. अंडी! मी तर गल्लीत पेढे वाटायला निघाले होते, पण ओळखत कुणाला होते?

अक्षय तृतीया आली. आमच्या विदर्भात त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली मातीची घागर दान देतात. तहानलेल्याला पाणी पाजलं की ते पितरांना पोचतं. सासूबाईंनी दोन दिवस आधीपासून तयारी केलेली. देवघरातला तांब्याचा मोठा हंडा चिंच लावून असा घासला, की त्यात तोंड दिसावं. त्यात पाणी भरून, वाळ्याची जुडी टाकून रात्रभर ठेवलेला. पूजा झाली, घागर दान गेली, पहिला आमरस झाला. मामाजी आणि मी जेवायला बसलो तर सासूबाई हसत हसत वाढताना म्हणाल्या, "आज तुमच्या पालींलेही पाजलं मी पाणी. टाकी उतरली होती ना, हंडा रिकामा केला त्याच्यात. देवाजवळचं पाणी आहे, वाळ्याचं. म्हटलं, मुक्या जीवाचं पुण्य मोठं."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! न्यूटना पाली म्हणणाऱ्या बाईनं आपण होऊन पाणी घातलं. मी मामाजींकडे बघितलं. त्यांचा घास हातात तसाच होता.

"कोणत्या हंड्यातलं?" त्यांनी विचारलं.

"तांब्याच्या. दुसरा कोणता आहे?"

मामाजी ताटावरून उठले.

माणसाला तांब्यातलं पाणी अमृत, म्हणून आपण रोज सकाळी पितो. झिंग्यांना तेच विष. मासे पाळणारे माशांची बुरशी घालवायला निळं औषध टाकतात, त्यात तांबंच असतं, आणि त्या टाकीत झिंगा औषधाला उरत नाही. हे मामाजींना दुकानदारांकडून ऐकून ठाऊक होतं. त्यातून चिंचेनं घासलेला हंडा, रात्रभर मुरलेलं पाणी. करायला गेल्या पुण्य! आम्ही हॉलमध्ये पोचलो तर झिंगे वेड्यासारखे टाकीभर आपटत होते. दोन उडी मारून फरशीवर पडलेले. अप काचेवर चढून नाक पाण्याबाहेर काढून बसलेली, आणि डाउन तळाशी एका कुशीवर.

"पाणी बदलायले पाहिजे. सारं," मामाजी म्हणाले. "शिळं पाणी संपलं काल. नळाचं नाही चालत, ब्लीचिंग आहे त्याच्यात, अन् गच्चीवरच्या टाकीतून आता उकळतं येईन." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "माठ!"

मातीच्या माठात मुरलेलं पाणी. ब्लीचिंग उडून गेलेलं, गार, गोड. घरचा माठ पाव टाकीलाही पुरला नाही. मामाजी तोंडानं पाइप ओढून विषारी पाणी उपसत होते आणि मी बादली उचलली. ऐन दुपारची वेळ, डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही, आणि शंकर नगरच्या त्या गल्लीत मी पहिल्यांदा कुणाचंतरी दार वाजवलं. समोरच्या शांती दीदीचं.

"का होगे बहू?"

"दीदी, मटके का पानी चाहिए! जितना है उतना! हमारी टंकी में... वो जानवर मर जाएँगे!"

त्यांना काही कळलं नसणार. पण अक्तीचा दिवस. अक्षय तृतीयेला छत्तीसगडात अक्ती म्हणतात, आणि त्या दिवशी इथेही घरोघर नवा माठ भरतात. त्या दिवशी पाणी मागणाऱ्याला कोण नाही म्हणेल? "हव, ले जा," म्हणाल्या, आणि स्वतःच माठ कमरेवर घेऊन निघाल्या. मग पुढचं दार. तिथे भोपाळहून नव्या राज्याबरोबर बदलून आलेली बाई, तिनं सुराही दिली. मग सरदारजींचं घर. मग बंगाली मास्तरांचं. गल्लीच्या टोकाला आंब्याखाली पोरांनी बाहुला-बाहुलीचं लग्न मांडलं होतं. अक्तीला इथे पुतरा-पुतरीची लग्नं लागतात. वरात निघालेली, थाळ्या वाजत होत्या. कुणीतरी ओरडलं, "आंटी के घर आग लगी है!" आणि अख्खी वरात थाळ्या वाजवत, वऱ्हाडाच्या पाण्याचे लोटे घेऊन आमच्या हॉलमध्ये! माठ, सुराह्या, लोटे, कळशा. सगळे टाकीत वाकून बघायला लागले, आणि बंगाली काकू एवढ्यानं किंचाळल्या, "ओ माँ, छिपकली!" तरी हातातली कळशी त्यांनी सोडली नाही, ओतलीच.

मी घामानं निथळत होते, पाय भाजले होते, आणि खरं सांगू? भीती होतीच, पण त्या भीतीच्या वर एक आनंद होता. इतक्या माणसांचं पाणी त्या एका टाकीत! आज त्यातली निम्मी माणसं गल्लीत राहिली नाहीत. कुणी नव्या रायपूरला गेलं, कुणी परत आपल्या गावी, मामाजी तर केव्हाचेच गेले. पण भाजीबाजारात शांती दीदी भेटल्या की अजून आधी विचारतात, "चिंगरी मन बने हें?" म्हणजे, झिंगे बरे आहेत ना?

त्या दिवशी मात्र बरे नव्हते. टाकीतलं पाणी निवळेपर्यंत मातीच्या परातीत अप-डाउन, स्टीलच्या डब्यात उरलेसुरले झिंगे. बहुतेक झिंगे गेले होते. पाटलीणबाई कुठेच दिसली नाही, ना मेलेली ना जिवंत. अप दुसऱ्या दिवशी चालायला लागली. डाउन जेवेना. आदल्या वर्षीही सुरुवात अशीच झाली होती, आधी जेवण सुटलं होतं.

सासूबाईंना कुणी एक शब्द बोललं नाही. ते बोललं असतं तर बरं, असं मला वाटायचं. त्यांनी हंडा पालथा घालून माळ्यावर टाकला आणि हॉलमधून जाणंच सोडलं. अंगणात जायचं तर मागच्या दारानं वळसा घालून जायच्या. जेवायला वाढून आत निघून जायच्या. एकदा मी म्हटलं, "आई, तुम्हाला कुठं माहीत होतं?" तर म्हणाल्या, "माहीत नसताना हात कायले लावला मी? जन्मात त्या टाकीले हात लावला नव्हता." आणि डोळ्याला पदर.

मामाजी टाकीशी बसून हळूच म्हणाले, "सूनबाई, डाउन गेला तर टाकी त्याच दिवशी उचलायची. माह्यासाठी नाही म्हणून राहिलो. तुही सासू रोज पाहीन टाकी अन् रोज जळीन."

आता काय करावं? मी ओल्या पोत्याखाली उकरून उकरून गांडुळं शोधायची. डाउनच्या नाकासमोर धरायची. तो तोंड फिरवायचा. छागलीचा कॅनव्हास दिवसातून कितीदा ओला करत होतो त्याला हिशोब नाही. बाटल्यांत बर्फ करून पाण्यात सोडत होतो. मे अर्धा झाला, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर चपलेला चिकटायचं. डाउनच्या कमरेची हाडं दिसायला लागली. मी त्याला शिव्या द्यायची, लाडानं बोलायची, "खा रे राजा, खा रे मेल्या!" कशाचा परिणाम नाही.

आणि एका सकाळी मी कवेलं सारखी करत होते. उरलेल्या मोजक्या झिंग्यांपैकी एक बाहेर आला आणि डाउनच्या समोर जाऊन मिशा हलवत बसला. मूर्ख! माझा हात त्याला हाकलायला पाण्यात जाणारच होता. पण डाउननं मान उचलली. मी थांबले. डाउन एक पाय पुढे आला. विचार केला. अजून विचार केला. आणि फट्कन तोंड! झिंगा तोंडात, मिशा बाहेर, एक झटका, दुसरा झटका, गडप!

"खाल्ला! मामाजी, खाल्ला! माझा झिंगा खाल्ला!" मी हॉलमध्ये नाचायला लागले. ओल्या हातांनी नाचले. ज्यांच्यासाठी मी महिनोन्महिने सासऱ्याशी भांडले, त्यांच्यातला एक माझ्या डोळ्यादेखत गेला आणि मी टाळ्या पिटत होते! मामाजी बनियनवरच धावत आले, काचेला नाक लावून बसले, आणि डाउनचं फुगलेलं पोट बघून त्यांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. "शाबास रे पोट्ट्या," एवढंच म्हणत होते, "शाबास रे पोट्ट्या."

ओरडा ऐकून सासूबाई आल्या. आधी दारात थांबल्या. मी म्हटलं, "आई, डाउन जेवला! या ना!" त्या चोरट्यासारख्या आल्या, टाकीपासून लांबच उभ्या राहिल्या, मग चष्मा सारखा करून थोड्या वाकल्या. बराच वेळ बघत होत्या. मग बोट काचेजवळ नेलं, लावलं नाही.

"अवं सूनबाई, हे काय रव्यावानी हालून राहिलं शेवाळात?"

मी बघितलं. मामाजींनी बघितलं. शेवाळाच्या गुच्छात, काचेवर, कवेलाच्या कडेला, रव्याच्या कणाएवढे, पारदर्शक, मोहरीपेक्षाही बारीक डोळ्यांचे... झिंगे! नवे! दहा, वीस, नजर जाईल तिथे! पाटलीणबाई जाता जाता अंडी कुठल्याशा फटीत सोडून गेली होती, का ती अजून कवेलात कुठे दडून होती, देव जाणे. ती काही मला पुन्हा दिसली नाही. पण तिची पोरं माठाच्या पाण्यात जन्मली होती.

"मायबाई!" सासूबाई खालीच बसल्या. "जगले का हे? माह्या पाण्यानंतरही?"

"सारे जगले," मामाजी म्हणाले. सारे जगले नव्हते. पण मी कशाला मध्ये बोलू?

त्या दुपारभर तिघं टाकीसमोर फरशीवर बसलो. वरणाला फोडणी द्यायची राहिली, भात लागला. संध्याकाळी टाकीचं पाणी पुन्हा खाली गेलेलं. सासूबाई लोटा घेऊन उभ्या राहिल्या.

"सांगा," त्या मामाजींना म्हणाल्या, "कोणतं पाणी टाकू?"

मामाजी स्वयंपाकघरात गेले, आमचा प्यायचा माठ दोन्ही हातांनी तिवईसकट उचलून आणला आणि टाकीच्या शेजारी ठेवला. सासूबाईंनी लोटा बुडवला आणि काठानं, अगदी बारीक धारेनं पाणी सोडलं. मग अजून एक. मग अजून एक.

हे ऑफिसातून आले, उन्हानं लालबुंद, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. "माठ कुठे गेला? तहान लागली न बाप्पा!"

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. काचेवरून डोळेही काढले नाहीत.

"नळाचं पी," त्या म्हणाल्या. "माठ पोट्ट्यांचा आहे."